मेलचा कोड कोणाच्या फोनवर येतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव जिल्ह्यातल्या यावल, फैजपूर, किनगाव, साकळी इथल्या ऑनलाइन कामांच्या दुकानांत बसायला जागा उरत नाही. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. सीईटीची नोंदणी ऑनलाइन, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठीच्या स्वयं योजनेचा अर्जही ऑनलाइनच. अशा अर्जांत ई-मेलचा रकाना बहुधा असतोच. ज्याच्याकडे मेल नाही त्याचे खाते दुकानदार काउंटरवरच उघडून देतो. नाव, आडनाव, जन्मसाल आणि लक्षात राहावा म्हणून नावापुढे १२३ लावलेला पासवर्ड. मोबाइल नंबर विचारला गेला आणि मुलाचा फोन घरी असला किंवा नंबर तोंडपाठ नसला, तर मागे रांग खोळंबलेली असल्याने दुकानातलाच एखादा नंबर टाकून काम पुढे ढकलले जाते. अर्ज भरला जातो, पावती हातात पडते, मुलगा गावी जातो. खाते मात्र त्याच्याबरोबर जात नाही. त्याचा पासवर्ड दुकानाच्या संगणकावर राहतो आणि ते परत मिळवण्याचा अधिकार दुकानदाराच्या सिमकार्डात.

यावरचा उपाय फुकट आहे आणि जुना आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने जीमेलच्या सर्व खातेदारांसाठी दुहेरी पडताळणी खुली केली. ती चालू असली की नुसत्या पासवर्डाने मेल उघडत नाही. खातेदाराच्या फोनवर कोड येतो किंवा ‘साइन इन करणारे तुम्हीच आहात का’ असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावरच मेल उघडतो. आउटलुक, याहू, झोहो यांच्याकडेही ही सोय आहे. तरीही ती चालू करायचे टाळले जाते, आणि त्यासाठी दिले जाणारे कारण साधारण एकच असते: आम्ही रोज एका संगणकावर बसत नाही. आज दुकानातले क्रोम, उद्या कॉलेजच्या लॅबमधले एज, परवा मामाच्या लॅपटॉपवरचे फायरफॉक्स. प्रत्येक ठिकाणी कोड मागणार, मग ही कटकट हवी कशाला? माझे म्हणणे असे की ज्याचा मेल इतक्या ठिकाणी उघडतो त्यालाच ही कटकट सर्वांत जास्त हवी. पुण्यातल्या नोकरदाराचा मेल त्याच्या स्वतःच्या फोनवर आणि कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर उघडतो. यावलच्या विद्यार्थ्याचा मेल निम्म्या तालुक्याने हाताळलेल्या कळफलकावर उघडतो. धोका इथे जास्त आहे, तर बंदोबस्तही इथेच जास्त पाहिजे. एक अट मात्र आहे: दुसऱ्या पायरीचा कोड खातेदाराच्याच हातात पडला पाहिजे. तो दुकानदाराच्या फोनवर जात असेल, तर पडताळणी चालू असून नसल्यासारखी.

ही पायरी खरोखर किती अडवते याचे आकडे उपलब्ध आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष गूगलने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. नोंदवलेल्या फोनवर एसएमएसने कोड पाठवल्यावर यंत्रांनी आपोआप केलेले हल्ले शंभर टक्के अडले, सरसकट सगळ्यांना खोटे मेल पाठवून केलेली फसवणूक ९६ टक्के अडली, आणि एकाच माणसाला हेरून केलेले हल्ले ७६ टक्के अडले. एसएमएसऐवजी फोनवर थेट प्रश्न विचारला, तर हे शेवटचे दोन आकडे ९९ आणि ९० वर गेले. पुढे २०२१ मध्ये गूगलने १५ कोटींहून अधिक खात्यांवर दुहेरी पडताळणी स्वतःहून चालू केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की त्या खात्यांमधली घुसखोरी निम्म्याने घटली. हे आकडे कंपनीचेच आहेत, हे लक्षात ठेवू. पण उलट बाजूचा पुरावाही जगाने पाहिला आहे. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाला, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या इशाऱ्यासारखा दिसणारा एक मेल आला. त्यातल्या दुव्यावर पासवर्ड दिला गेला आणि त्यांची वर्षानुवर्षांची पत्रे निवडणुकीच्या ऐन तोंडावर चव्हाट्यावर आली. सल्लागारांची फौज दिमतीला असलेल्या माणसाचे हे झाले. पासवर्ड एका क्षणाच्या गैरसमजात हातून जातो. तो गेल्यावरही दार बंद राहावे, एवढ्यासाठी दुसरी पायरी असते.

‘आमच्या मेलमध्ये आहे काय चोरण्यासारखे?’ हा प्रश्न या भागात मनापासून विचारला जातो आणि त्याला मनापासून उत्तर द्यायला हवे. मेलमध्ये पत्रे फारशी नसतीलही. पण दुसऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलो’ असे दाबले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा बहुतेक वेळा मेलवर येतो. ज्याच्या ताब्यात मेल, त्याच्या ताब्यात सीईटीचे लॉगिन, फेसबुक, ऑनलाइन खरेदीचे खाते. शिवाय अँड्रॉइड फोन गूगलच्या खात्यावरच चालतो. संपर्कातले नंबर, फोटो, कागदपत्रांचे स्कॅन हे सगळे त्याच खात्यात जमा होत राहते. नवा फोन घेतला की मोबाइलवाला तिथल्या तिथे एक खाते उघडून देतो, पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि वर्षभराने फोन अडकला म्हणून रिसेट केला की तो आधीचे गूगल खाते मागतो. चोरीच्या फोनचा वापर होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे, पण खाते कोणाचे हेच ठाऊक नसलेल्या मालकाच्या हातात तेव्हा बंद पडलेला फोन राहतो. ज्या खात्याची किंमत शून्य समजली जाते, त्याच्यावाचून हजारो रुपयांचा फोन चालत नाही.

व्यापाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. रावेर-यावल पट्ट्यातली केळी आता आखाती देशांत जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि निर्यातीचा कागद, बिल, बँकेचा तपशील हे सारे मेलवरून फिरते. अशा व्यवहारातली नेहमीची चोरी फार शांतपणे होते. चोर मेलमध्ये शिरतो आणि काहीच करत नाही; दोघांची पत्रे वाचत बसतो. मालाचे बिल जायची वेळ आली की त्याच धाग्यात, त्याच भाषेत एक ओळ टाकतो की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या नंबरवर पाठवा. खरेदीदार पैसे पाठवतो, कंटेनर पोहोचलेला असतो, पैसे तिसऱ्याच्या खात्यात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात या प्रकारच्या मेल-फसवणुकीत २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. वर्षभर रान राखून, गारपिटीतून आणि करप्यातून वाचवलेला माल असा जाऊ देणे परवडणारे नाही. ज्या व्यापाऱ्याचा मेल मुनीम, मुलगा आणि करसल्लागार असे तिघे तीन वेगवेगळ्या संगणकांवर उघडतात, त्याने आजच्या आज ही पडताळणी चालू करावी.

आता ब्राउझरच्या प्रश्नाकडे येतो, कारण बहुतेकांचा वैताग तिथेच सुरू होतो. एकाच संगणकावर क्रोममध्ये कोड दिला, तरी फायरफॉक्स उघडल्यावर तो पुन्हा का मागतो? कोड दिल्यानंतर मेलची कंपनी त्या ब्राउझरमध्ये एक लहानशी खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण दिसली की कोड विचारला जात नाही. ही खूण संगणकाच्या नावे नसते, त्या एका ब्राउझरच्या नावे असते. क्रोमची कुकी फायरफॉक्सला वाचता येत नाही, एजला दोघांचीही वाचता येत नाही. म्हणून एका टेबलावरचे तीन ब्राउझर मेलच्या लेखी तीन अनोळखी यंत्रे ठरतात. कोणी ‘हिस्टरी साफ’ केली की खूण पुसली जाते आणि कोड पुन्हा मागितला जातो. इनकॉग्निटो खिडकी बंद केली की खूण तिच्याबरोबर जाते. हा बिघाड नव्हे. इथे ब्राउझर बदलला की माणूसही बदललेला असू शकतो, आणि मेलच्या यंत्रणेला तो बदल ओळखण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

दुकानातल्या संगणकाची स्क्रीन जवळून पाहिली की हे नीट कळते. जीमेल उघडल्यावर ‘एक खाते निवडा’ अशी यादी येते: गोल चकत्यांत नावांची आद्याक्षरे, खाली मेलचे पत्ते, काहींपुढे ‘साइन आउट केले’ असे लिहिलेले, काहींपुढे काहीच नाही. ज्यांच्यापुढे काही लिहिलेले नाही ती खाती अजून उघडी आहेत. चकतीवर टिचकी मारली की कोणाचाही मेल उघडतो. ते खातेदार घरी निश्चिंत असतात. नव्याने साइन इन केले की वरच्या कोपऱ्यात चौकट येते, ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’, आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. कोड टाकायच्या पानावर ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ असा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण अनेकदा आधीच केलेली असते. ती काढली नाही तर दुसरी पायरी त्या ब्राउझरपुरती गळून पडते. पासवर्ड सेव्ह आणि कोडाची माफी, दोन्ही एकाच सार्वजनिक संगणकावर झाले, की पडताळणी चालू केल्याचा उपयोग उरला कुठे? स्वतःच्या फोनवर ही खूण खुशाल ठेवावी. तिथे रोज कोड टाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या संगणकावर इनकॉग्निटो खिडकी उघडावी, पासवर्ड सेव्ह करू नये, चौकोनातली खूण काढावी आणि उठण्यापूर्वी साइन आउट करून खिडकी बंद करावी. उघडे राहिलेले सत्र ही पडताळणीची सर्वांत मोठी पळवाट आहे, कारण आत असलेल्याला पुन्हा कोणी काही विचारत नाही.

यापुढे जाऊन एक मुद्दा मांडतो, कारण त्याच्यावरच सगळा निकाल आहे. अर्ज भरताना दुकानदाराला तुमचा मेल लागतच नाही. अर्जाला हवा असतो मेलवर आलेला सहा आकड्यांचा ओटीपी. विद्यार्थ्याचा मेल त्याच्या स्वतःच्या फोनवर चालू असेल, तर तो ओटीपी वाचून सांगणे एवढेच काम उरते. मेलचा पासवर्ड दुकानदाराला देण्याची, त्याच्या ब्राउझरमध्ये मेल उघडण्याची गरज पडत नाही. आज ती पडते असे वाटते, कारण खाते दुकानातच जन्मलेले असते आणि दुसरीकडे कुठे कधी उघडलेलेच नसते. म्हणजे अनेक ब्राउझरांचा हा गुंता बराचसा सवयीने निर्माण केलेला आहे. मेल मुलाच्या किंवा घरातल्या फोनवर आणा, निम्मे ब्राउझर आपोआप गळून जातील, आणि जे उरतील तिथे कोड मागितला गेला तर ते योग्यच होईल.

दुकानदारांची बाजू यावर ऐकलीच पाहिजे, कारण ते काही चोर नव्हेत. संकेतस्थळे दिवसा चालत नाहीत. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली की सर्व्हर रांगत चालतो, आणि अर्ज रात्री अकरानंतर भरावे लागतात, तेव्हा विद्यार्थी गावी गेलेला असतो. त्याचा मेल आणि नंबर आपल्याकडे असला तर काम होते, नाहीतर त्याची शिष्यवृत्ती जाते, असे ते सांगतात, आणि यात तथ्य आहे. त्यांच्या या रात्रीच्या कष्टांवर अनेक घरांतल्या मुलांचे शिक्षण चालते. पण रात्री अकरा वाजता ओटीपी हवा असेल तर फोन करून विचारता येतो. त्या एका फोनमुळे काय सुटते तेही पाहा. कोणाच्या मेलमधून काही गैरप्रकार झाला, तर ज्याच्या संगणकावरून तो झाला त्याच्याकडेच पोलीस आधी येतील. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आपण अप्रामाणिक नव्हतो हे शाबीत करत बसण्याची पाळी प्रामाणिक दुकानदारावर का यावी? शंभर जणांचे पासवर्ड सांभाळणे हे त्याच्याही डोक्यावरचे ओझे आहे, आणि दुकानात काम करणारा पोरगा उद्या नोकरी सोडून गेला तर ते ओझे कोणाच्या डोक्यावर जाते हे त्यालाही ठाऊक नसते.

नंबराचा प्रश्न त्याहून किचकट. रिचार्ज महागले की घरातले एखादे सिम बंद पडते. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हीच बाब मांडली होती. त्या नंबरावर तुमच्या मेलचे कोड जात असतील, तर ते आता अनोळखी माणसाला जातील आणि तुम्ही बाहेर. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की मग ही पडताळणीच नको, उलट आपणच कोंडले जाऊ. भीती खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे, कारण पडताळणी नसली तरी विसरलेला पासवर्ड परत मिळवायला तोच जुना नंबर लागतो. घरात पाच माणसे आणि एकच चालू फोन असेल तर घरातला सर्वांत टिकाऊ नंबर द्यावा, जो आई-वडील कधी बंद पडू देणार नाहीत. एकच नंबर कुटुंबातल्या अनेक खात्यांना लावता येतो. साधा बटणांचा फोन असला तरी एसएमएस येतो, किंवा कोड बोलून दाखवणारा कॉल घेता येतो.

ज्यांचे खाते आधीच दुकानाच्या नंबरावर आहे, त्यांनी क्रम सांभाळला पाहिजे. घरी बसून नव्या फोनवरून सगळे बदलायला गेलात तर मेलची यंत्रणा तुम्हालाच घुसखोर समजण्याची शक्यता असते, कारण तिच्या ओळखीचा ब्राउझर दुकानातला आहे. म्हणून एकदा आपला फोन घेऊन त्याच दुकानात, त्याच संगणकावर, त्याच ब्राउझरमध्ये बसावे. खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन आधी नंबर बदलावा, मग दुहेरी पडताळणी चालू करावी, मग आपल्या फोनवर मेल उघडावा आणि शेवटी फोनवरूनच पासवर्ड बदलून, ‘तुमची डिव्हाइस’ या यादीतून दुकानाचा संगणक काढून टाकावा. नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल देऊ शकते, त्यामुळे हे काम अर्जाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

सातपुड्यातल्या पाड्यांवरची अडचण मी हलकी समजत नाही. जामन्या-गाडऱ्याकडच्या मुलाला यावलला येऊन मेल उघडता येतो, पण वर परत गेल्यावर रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो, आणि तिथून आलेल्या मुलाच्या घरचा फोन घरीच राहिलेला असतो. कोड येणार कुठे? याची सोय मेलच्या कंपन्यांनी करून ठेवली आहे, फक्त ती कोणी सांगत नाही. ऑथेंटिकेटर नावाचे ॲप दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार करते, त्याला रेंज लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फोनचे घड्याळ बरोबर असले म्हणजे झाले. ज्याच्याकडे फोनच नाही त्याच्यासाठी बॅकअप कोड आहेत. जीमेल आठ आकडी दहा कोड देते, प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि ते कागदावर छापून घेता येतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये यावलची नोंद देशी कागद आणि नीळ यांसाठी आहे. त्या गावात कागदावर भरवसा ठेवायला कोणाची हरकत नसावी. शिधापत्रिका आणि जातीचा दाखला ज्या पिशवीत असतो त्याच पिशवीत हा कागद राहू द्यावा, आणि त्यावर मेलचा पासवर्ड लिहू नये. कागद हरवला तर नवे दहा कोड काढता येतात, आणि नवे काढले की जुने आपोआप रद्द होतात.

एक आक्षेप असा की ओटीपीच तर ठग मागून घेतात, मग या पायरीचा भरवसा काय? खरे आहे. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला कोड वाचून दाखवला तर कोणतीही पायरी वाचवत नाही. केंद्र सरकारच्या मेलसाठी एनआयसी या सरकारी संस्थेने ‘कवच’ हे पडताळणीचे ॲप आणले, तर हेरगिरी करणाऱ्यांनी खोटे ‘कवच’ तयार करून सरकारी कर्मचाऱ्यांच्या संगणकात शिरायचा प्रयत्न केला. पण यातून पुढचा रस्ता निघाला आहे. पासकी ही नवी पद्धत गूगलने मे २०२३ मध्ये वैयक्तिक खात्यांना दिली. तिच्यात सांगण्यासारखा कोडच नसतो. फोनचे कुलूप जसे बोटाने किंवा पिनने उघडता तसेच खाते उघडते. दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तर त्याच्या पडद्यावरचा क्यूआर आपल्या फोनने स्कॅन करायचा. ब्राउझर कोणताही असो, चावी फोनमध्येच राहते, आणि खोट्या संकेतस्थळावर ती चालतच नाही, कारण ती ज्या पत्त्यासाठी बनली त्याच पत्त्याला उत्तर देते. ज्याच्याकडे बरा स्मार्टफोन आहे त्याने हाच मार्ग धरावा. पण पासकी येईपर्यंत किंवा नवा फोन घेईपर्यंत मेल उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही. एसएमएसचा कोड कच्चा असला तरी नुसत्या पासवर्डापेक्षा कितीतरी पक्का आहे.

‘गावातल्या माणसाला हे झेपणार नाही’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले. त्यात फोन आणि सिम ही पहिली खातरजमा, पिन ही दुसरी. सहसा दोन्ही जुळल्याशिवाय पैसा हलत नाही. यावलच्या आठवडे बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा आज क्यूआर लावून बसते आणि पिन कोणाला सांगत नाही. डिजिलॉकरलाही ओटीपीबरोबर सहा आकडी पिन आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली, तेव्हाही ग्राहक पळून जातील अशी ओरड झाली होती. ग्राहक पळाले नाहीत, शिकले. पैशाच्या बाबतीत जे जमले ते मेलच्या बाबतीत जमत नाही, कारण पैशाच्या बाबतीत नियम होता आणि मेलच्या बाबतीत सगळे खातेदाराच्या मर्जीवर सोडले आहे.

म्हणून थोडी जबाबदारी संस्थांनी उचलायला हवी. नीट आणि जेईई घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था आपल्या माहितीपुस्तिकेत बजावते की मेल आणि मोबाइल विद्यार्थ्याचा किंवा पालकांचाच असावा, नाहीतर निरोप न पोहोचल्यास जबाबदारी आमची नाही. सूचना बरोबर आहे, पण ती इंग्रजी पुस्तिकेच्या पोटात असते आणि अर्ज भरणाऱ्या काउंटरवर पोहोचत नाही. यावलला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या अखत्यारीत आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. बारावीच्या मुलांचे मेल त्यांच्या हाती सोपवून, बॅकअप कोडचा कागद छापून देणे हे एका दुपारचे काम आहे. महाविद्यालयांना ते प्रवेशाच्या वेळी करता येईल. आणि एकदा उघडलेला मेल वापरात ठेवायलाही सांगावे लागेल, कारण दोन वर्षे हात न लावलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. अकरावीला उघडलेला मेल पदवीच्या वेळी सापडत नाही, यामागे हेही एक कारण असू शकते.

आपले सरकार सेवा केंद्रे जिल्हाधिकारी कार्यालय नेमते, आणि कोणत्या दाखल्याला किती पैसे याचा दरफलक तिथे लावावा लागतो. जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्या फलकाखाली मोठ्या अक्षरांत आणखी दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: ग्राहकाच्या मेल खात्याला केंद्राचा मोबाइल नंबर जोडला जाणार नाही, आणि ग्राहक उठण्यापूर्वी त्याचे खाते त्याच्यासमोर साइन आउट केले जाईल. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने दरफलकाबरोबर संगणकावरची ‘एक खाते निवडा’ ही यादीही उघडून पाहावी.